गोजराचं वजन

त्या शुक्रवारी वारा साफ पडला होता. आश्विन लागून आठ दिवस झाले तरी उकाडा हटत नव्हता. आभाळ भरलेलं होतं, पण पावसाचं नव्हे. मळक्या गोधडीसारखं नुसतं अंगावर येऊन पडलेलं. आमच्या नावड्याला अशी हवा पडली की कारखान्यांकडचा वास गावावर येऊन बसतो आणि उठता उठत नाही. पण शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी हवेला कसलाच वास नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे त्याचं काम पडणार आहे.

सकाळी मी महाप्याला गेलो होतो, चिमटा आणायला. मोटारसायकलचं मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा असतो, दोन पायांचा, त्याला आम्ही चिमटा म्हणतो. शिकलेली पोरं स्विंगआर्म म्हणतात. गाडीचा मूळचा चिमटा बारीक गोल पायपाचा होता. सामान लादून वळण घेतलं की तो पिळायचा आणि गाडीची शेपटी हलायची. म्हणून महाप्याच्या एका गाळ्यात चौकोनी पायपाचा, आडवी पट्टी मारलेला नवा चिमटा बनवून घेतला होता. तो पेपरात गुंडाळून मांडीवर घेतला आणि बसमधे बसलो.

कंडक्टर म्हणाला, "काका, नांगर घेऊन कुठं चालले? शेतं राहिली कुठं आता?"

मी म्हटलं, "रस्ताच नांगरायचा हाय."

मागच्या बायका हसल्या. मलाही बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी हातात मनाजोगतं काम होतं.

गाडी होती अबोलीची. सीवूड्सच्या नंदकिशोररावांची ही लेक. नंदकिशोरराव माझं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांची पहिली स्कूटर, मग मोटारसायकल, सगळं माझ्याच हाताखालून गेलं. अबोली आता अठ्ठावीस वर्षांची. तिनं जुनी मोठी टूरिंगची गाडी घेतली, आणि तिच्यावर बसून तिला पार हिमाचलात स्पितीला जायचं होतं. एकटीनं.

पंधरा दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा गाडी घेऊन आली. हेल्मेट काढलं, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, गाडी मागून पोहते. माळशेजला वळणावर अशी लहरली की कठड्याला आरसा घासला माझा."

मी आरसा बघितला. आरसा नव्हताच, नुसती दांडी होती.

"मी आता चिमट्याचं काम करत नाय गो पोरी," मी म्हटलं. "पंक्चर, ऑइल, चेन, काय ते सांग. चिमटा नाय."

"का?"

मी हातातला पाना फडक्याला पुसायला लागलो. ती इकडे तिकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू असत्या तर बसल्या असत्या ना?"

तिच्या ते लक्षात होतं. मला भरून आलं.

आता हे नीट सांगायला हवं. चिमटा ज्या बोल्टावर झुलतो, त्या बोल्टाभोवती रबरी बुश असतात. बोल्ट आवळला की बुशाचं आतलं लोखंड घट्ट होतं, आणि चाक वरखाली झालं की मधलं रबर तेवढं पिळतं. गाडी रिकामी असताना आवळलं तर रबराला तीच जागा आपली वाटते. मग माणूस बसला, गाडी खाली गेली, की रबर पिळलेलंच राहतं आणि सारखं माघारी ओढत राहतं. सरळ रस्त्याला कळत नाही, वळणावर दगा देतं. म्हणून माझी रीत अशी की आधी सीटवर वजन बसवायचं, मगच बोल्ट आवळायचा. ज्या वजनाला आवळला तेवढं वजन गाडीवर असलं की रबर शांत असतं. वजन गेलं की ते शोधायला लागतं.

माझं वजन म्हणजे गोजरा. माझी बायको.

एक वाजता ती फाट्यावर गॅरेजात भाकरी घेऊन यायची. तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट, कधी वालाचं बिरडं. मी गाडीच्या डाव्या अंगाला जमिनीवर आडवा. तिथूनच म्हणायचो, "बस गो."

ती हातातलं फडकं मांडीवर घेऊन सीटवर एका बाजूनं बसायची. रस्त्यानं बायका डावीकडे पाय सोडून बसतात. ही उजवीकडे सोडायची, कारण डावीकडे माझं तोंड. गाडीखालून मला तिचे पाय दिसायचे. जोडवी, हिरव्या लुगड्याचा काठ, आणि एक चप्पल अंगठ्यात लोंबकळत ठेवून ती हलवत बसायची. कधी कधी ती चप्पल खाली पडायची. टप्प.

"बसले," ती म्हणायची.

मग मी बोल्ट आवळायचो. मडगार्ड आणि टायर यांच्यातलं अंतर बोटांनी मोजायचो. आमच्याकडे मोजायची पट्टी म्हणजे ही बोटं. रिकाम्या गाडीला सहा बोटं. गोजरा बसली की चार. काम झालं की म्हणायचो, "उतर गो."

"उतरले."

माझ्या 'उतर'शिवाय ती कधीच उतरली नाही. एकदा मधेच गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी बोलत मी बाहेर गेलो आणि विसरलो. परत येतो तर अर्धा तास झाला, ही तशीच बसून. म्हटलं, "अगो, उतरायचंस ना!"

"तुमी सांगितलं कुठं? बोल्ट हलला तर माझ्यावर यायचं."

अशा हजारभर गाड्यांवर ती बसली असेल. पण एकही गाडी तिला घेऊन जागची हलली नाही. मी लोकांच्या गाड्या केल्या, माझी स्वतःची कधी झाली नाही. दर वर्षी म्हणायचो, तुला मोटारसायकलवरून कार्ल्याला एकवीरेला नेतो. ती म्हणायची, "हां, हां, पुढच्या वर्षी." आणि गावच्या बायकांबरोबर टेम्पोत बसून जायची. पनवेल आणि कार्ला, यापलीकडे तिनं जग बघितलं नाही.

आम्हाला पोर नव्हतं. नंदकिशोरराव लहानग्या अबोलीला घेऊन गॅरेजात यायचे तेव्हा गोजरा तिला मांडीवर घेऊन सीटवर बसायची. पोर गुर्र गुर्र करून गाडी चालवायची. एकदा म्हणाली, "काकू, मी मोठी झाले की तुला डोंगरावर नेणार."

"नेशील ना नक्की? बघ हां, मी बसून राहीन."

सहा वर्षांमागं तापाचं निमित्त झालं आणि गोजरा गेली. त्यानंतर चिमट्याचं काम मी हातात घेतलं नाही. दुसऱ्या कुणाला 'बस' म्हणवेना.

अबोलीला मी नाही म्हटलं, त्याच संध्याकाळी नंदकिशोररावांचा फोन आला. "शिवाभाऊ, ती काही माझं ऐकत नाही. गाडी अशी हलत असताना गेली तर मला झोप नाही येणार. तिच्या आईला मी सांगून बसलोय, शिवाभाऊ म्हणाले 'गाडी ठीक आहे' तरच जायचं. तुम्ही हात लावा आणि तुम्हीच काय ते सांगा."

एका पोरीचा जीव माझ्या शब्दावर येऊन थांबला. म्हटलं, पाठवा.

तर त्या शुक्रवारी बाराच्या सुमाराला चिमटा घेऊन मी गॅरेजला आलो. समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर सुनीतीबाई कपडे वाळत घालत होत्या. आठ महिन्यांमागं डोंबिवलीहून इथे राहायला आल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्याच असतात. ती बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी गोजराचे वालाचे वाफे होते, हे त्यांना कुठून माहीत असणार?

"शिवाभाऊ, जेवलात का? की आजही पान्यांचीच भाजी?"

"पाने शिजायला ठेवलेत बाई. तुमी दोन मिनिटं खाली येता का? गाडीवर बसायला माणूस पायजे."

"मी? मोटारसायकलवर?" त्यांनी हातातली चादर तोंडाला लावली आणि हसल्या. "अहो, या गुडघ्यानं मी खुर्चीवर बसताना देवाचं नाव घेते! ती मुलगी येणार आहे ना पाच वाजता? तिचीच गाडी, तिलाच बसवा."

बरोबरच होतं ते. मी तसंच ठरवलं होतं. चिमटा चढवून ठेवायचा, बोल्ट हातानं नुसता धरवायचा, आणि पाच वाजता अबोलीला बसवून आवळायचा.

दोनला वीज गेली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी घालवतातच. पंखा गरगरत थांबला आणि गॅरेजात जी शांतता झाली ती कानाला लागली. बाहेरचा पांढरा उजेड डोळ्यावर येत होता म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं. आत संध्याकाळसारखा अंधार झाला. पुढचं चाक लाकडाच्या खाचेत बसवलेलं होतं, गाडी दोन्ही बाजूंनी दोरांनी वरच्या कड्यांना बांधलेली होती. जुना चिमटा काढला. बुश नवे बसवले, ग्रीस लावलं, नवा चिमटा सरकवला. असा बसला म्हणून सांगू, जसा काही त्याच गाडीबरोबर जन्मलेला. चाक लावलं, चेन लावली. सूत धरून चाक सरळ केलं, दोनदा बघितलं. सगळं व्हायला साडेतीन वाजले.

मग मी जमिनीवर आडवा झालो, डाव्या अंगाला, नेहमीसारखा. नट हातानं धरवला. गार जमीन पाठीला लागली, ग्रीसचा हात, पाना, डोळ्यांसमोर तो बोल्ट. चाळीस वर्षं हेच केलेलं. सहा वर्षं मधे गेली हे अंगाला माहीतच नव्हतं.

आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं...

"बस गो."

बोललो आणि स्वतःशीच हसलो. डोळ्यांत पाणी आलं म्हणून दंडाला पुसलं.

तेव्हा दोर कुरकुरले.

आधी उजवीकडचा, मग डावीकडचा. मग शॉकअपचा बारीक श्वास सोडल्यासारखा आवाज झाला... स्स्स... आणि माझ्या डोळ्यांसमोर गाडीची मागची बाजू सावकाश खाली आली. धक्का नाही, काही नाही. एखादं माणूस सांभाळून टेकावं तशी. चिमटा आपल्या बोल्टावर फिरला आणि थांबला.

मी श्वास घेतला नाही. घेतला तेव्हा वास आला. त्या बिनवासाच्या हवेत भाजलेल्या सुकटीचा आणि खोबरेल तेलाचा वास. आणि गाडीच्या पलीकडून, उजव्या अंगानं, काहीतरी हळूहळू सायलेन्सरला लागत होतं. टिक... टिक... टिक... लोंबती चप्पल हलवताना लागायची तसं.

गाडीखालून पलीकडे बघायला मला मान फक्त एवढीशी वळवायची होती.

मी नाही वळवली. आजवर स्वतःला विचारतो, का नाही बघितलंस? सांगता येत नाही. दिसले असते तर काय, आणि नसते दिसले तर काय... दोन्हींची सारखीच भीती वाटली.

हात मात्र थांबले नाहीत. हात घाबरतच नाहीत बघा, त्यांना काम कळतं. पाना लागला. मी आवळला. एकदा, दोनदा, आणि शेवटचा अर्धा फेरा, अंगाचा जोर लावून. मग उजवा हात वर नेऊन मडगार्डखाली घातला.

चार बोटं. नेमकी.

पलीकडे टप्प झालं. टिकटिक थांबली.

आता 'उतर' म्हणायचं होतं. एवढंच बाकी होतं. तोंड उघडलं पण आवाज फुटला नाही. आणि खरं सांगतो, नुसत्या भीतीनं नव्हे. सहा वर्षांनी ती माझ्या गॅरेजात बसली होती. म्हटलं, बसू दे. थोडं बसू दे.

मी तसाच सरपटत मागे झालो, शटरखालून बाहेर निघालो आणि पायरीवर बसून राहिलो. पाठ शटरला लावून. आत काही वाजलं नाही.

पाचाला वीज आली, पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ रिक्षातून अबोली उतरली. मी शटर वर केलं. गाडी तशीच होती. उजव्या अंगाची जमीन मी निरखून पाहिली. चप्पलबिप्पल काही नव्हतं. पण गाडी खालीच होती. मी मुकाट बोटं घातली. चार. रिकाम्या गाडीला चार.

"झालं पण? मला बसवणार होतात ना काका?"

"आवळला," मी म्हटलं.

"मग बसवलं कुणाला?"

मी सुनीतीबाईंच्या गॅलरीकडे बघितलं, आणि अबोलीही तिकडे बघून हसली. तिचा समज झाला तो मी होऊ दिला. ते मी चुकलोच.

दोर सोडले. गाडी बाहेर ढकलताना माझ्या मनगटाला वजन लागलं. अबोली बसली तेव्हा मी वाकून बघितलं. टायर आणि मडगार्ड यांच्यात अडीच बोटं राहिली. एका हलक्या पोरीनं एवढी बसत नाही गाडी. दोघं असले की बसते.

ती हायवेपर्यंत जाऊन, पुलाखालचं वळण घेऊन आली. चेहरा असा उजळलेला. "काका! काय केलंत हे? रुळावरून गेल्यासारखी जाते. मी मुद्दाम वाकवली, तर हललीच नाही! मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी."

तेवढ्यात तिच्या फोनवर नंदकिशोररावांचा फोन आला. तिनं माझ्या कानाला लावला.

"काय शिवाभाऊ, गाडी ठीक आहे?"

चिमटा ठीक होता. बोल्ट ठीक होता. मी नीट तपासलेलं होतं. पण गाडीवर काय बसलं होतं ते मी तपासलं नव्हतं. गोजराच असं मी धरून चाललो होतो. 'बसले' म्हणून आवाज तरी कुठे ऐकला होता मी? त्या घटकेला दोन शब्द बोललो असतो, 'उतर गो', तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. अबोली म्हणाली असती, काका म्हातारे झाले. झालं तर झालं.

पण मनात आलं, गोजराला कुणी कधी नेलं नाही. मी नाही नेलं. आणि पोर एकटी चाललीय...

"ठीक हाय," मी म्हटलं. "जाऊ द्या. एकटी नाय जायाची ती."

"अरे वा, कुणी बरोबर आहे का? बोलली नाही मला," ते म्हणाले आणि खूश होऊन फोन ठेवला.

दिवे लागायच्या वेळेला ती गेली. मी वळणापर्यंत लाल दिवा बघत उभा राहिलो. घरी आलो, भाकरी टाकली. दोन टाकल्या, सवय नव्हती तरी. घर असं रिकामं वाटलं, जसं गोजरा गेली त्या दिवशी वाटलं होतं. म्हणजे सहा वर्षं घर रिकामं नव्हतंच की काय, असं वाटायला लागलं.

शनिवार, रविवार, सोमवार. काळजी जाईना. डोंगरातली वळणं, एका बाजूला दरी. माझ्या रीतीचं मला भय वाटायला लागलं. ज्या वजनाला आवळला ते वजन आहे तोवर रबर शांत. ते मधेच उतरलं की वळणावर दगा.

बुधवारी दुपारी अबोलीचा फोन आला. वारा फोनमधे घुसत होता.

"काका, हिमाचलात रामपूरच्या पुढे आलेय. गाडी सोन्यासारखी चालतेय! फक्त एक विचारायचं होतं. किंचित उजवीकडे ओढते. मागचा टायरही उजव्या अंगालाच झिजलाय. चेन ॲडजस्टर बघू का?"

सूत धरून मी चाक दोनदा बघितलं होतं. चाक सरळ होतं. उजवीकडे पाय सोडून कोण बसतं ते मला माहीत होतं.

"काका? आहात ना? उद्यापासून रेंज नसणार मला, म्हणून विचारते."

"हाय, हाय. काय हात लावू नको. पोरी, एक कर... गाडी उभी हाय ना? फोन मागच्या सीटजवळ धर जरा."

"आवाज ऐकायचाय? इंजिन चालू करते."

"नको. बंदच असू दे. नुसता धर."

तिनं धरला. मला वारा ऐकू आला. खाली कुठेतरी मोठं पाणी वाहत होतं, त्याचा घोष आला. आता 'उतर' म्हणायचं. ठरवून बसलो होतो मी. पोरीच्या जिवाशी खेळ नको.

आणि मग वाटलं, तिथे? त्या परक्या मुलखात, त्या थंडीत, कार्ल्याच्या पुढं न गेलेल्या बाईला मी रस्त्यात उतरवू? ती घरी कशी येणार? कुणाला रस्ता विचारणार?

जीभ फिरलीच नाही. म्हटलं, पोर परत येईल, गाडी दारात लागेल, तेव्हा मी स्वतः सांगीन. हात धरून उतरवीन. म्हणून फोनमधे हळूच एवढंच बोललो,

"गोजरा... लय फिरलीस. आता घरी ये."

वारा थांबल्यासारखा झाला. मग अबोलीचा आवाज आला. "काय म्हणालात काका? ऐकू नाही आलं."

"तुला नाय गो. गाडीला."

ती खळखळून हसली. "गाडी हो म्हणतेय! चला, निघते. काळजी करू नका."

गुरुवारी फोन लागला नाही. शुक्रवारी सकाळीही नाही. रेंज नसणार हे तिनं सांगितलंच होतं. मी मनाला तेच सांगत राहिलो. नंदकिशोररावांना फोन केला, तेही तेच म्हणाले, पण आवाज त्यांचाही बारीक झालेला.

त्या शुक्रवारीही वारा पडलेला. आभाळ तसंच मळकट, अंगाची नुसती लाही. गॅरेजात बसवेना म्हणून शटर ओढून पनवेलला डोळे दाखवायला गेलो. परत यायला पाच वाजले. कुलूप काढायला वाकलो तोच वरून सुनीतीबाईंनी हाक मारली. गॅलरीच्या कठड्यावर ओणवून त्या म्हणाल्या,

"कुठे होतात हो शिवाभाऊ? दुपारी वीज गेली तेव्हा एक बाई तुमच्याकडे येऊन गेल्या. हिरवं लुगडं नेसलेल्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. एवढ्या उकाड्यात नुसत्या कुडकुडत होत्या हो! मी म्हटलं, वर या, चहा घ्या गरम. तर तुमच्या शटरकडेच बघत उभ्या राहिल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, 'त्यांना सांगा, मी उतरले.'"